सोलापुरात परक्याचं पोर घरी आणायचा विचार असेल तर आधी बाईंकडं जाऊन या

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं सांगतो, पण आधी हा रिव्ह्यू नेमका कशाचा ते सांगायला पाहिजे, कारण ह्या जागेला बोर्ड नाही, मॅपवर टाकलं तर सापडत नाही, आणि ज्या बाई हे सगळं चालवतात त्यांनी "माझं नाव कुठं टाकलंस तर तुझ्या दुकानात पाय ठेवणार नाही" असा दम दिलाय. त्यामुळं नाव नाही. सात रस्त्याच्या आसपास एका जुन्या बिल्डिंगचा वरचा मजला, दोन खोल्या, बारा-तेरा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक. फी शून्य. चहा मिळतो पण स्वतः करून घ्यायचा आणि कप स्वतः विसळायचा. दहा वाजून पाच मिनिटांनी दाराला आतून कडी, मग कुणी का असेना.

काम काय चालतं तर ज्यांना अनाथ-निराधार पोरगं घरी आणून सांभाळायचंय त्यांना तयार करणं. दत्तक नव्हे हां. हे मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. सरकारी कागदावर ह्याला प्रतिपालकत्व म्हणतात, सगळे बोलताना फॉस्टर केअरच म्हणतात. दत्तकात पोरगं कायमचं तुमचं, तुमचं आडनाव, तुमच्या इस्टेटीत वाटा. ह्यात तसं काही नाही. बालगृहातली सहा वर्षांवरची मुलं, ज्यांचे आईबाप आहेत पण सांभाळू शकत नाहीत, भेटायला येत नाहीत, किंवा ज्यांना दत्तक घ्यायला कुणी पुढं आलं नाही, अशी मुलं बाल कल्याण समितीच्या ऑर्डरनं तुमच्या घरी राहतात. नाव त्याचंच, आडनाव त्याचंच, आणि त्याच्या घरची परिस्थिती सुधारली तर ते परत जाणार. हे शेवटचं वाक्य बाईंनी मला पहिल्याच रविवारी तीनदा सांगितलं होतं आणि मी तिन्ही वेळा मान हलवली होती.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि घर एकदम गप्प झालं, बायको आठ वाजताच भांडी घासून बसायला लागली. दुकानात एक जण दत्तकाचा फॉर्म भरायला आला होता, कारा म्हणून दिल्लीची संस्था आहे त्यांच्या पोर्टलवर, तर त्याच्याकडनं कळलं की रांग तीन वर्षांच्या वर आहे, सगळ्यांना तान्हं बाळ पाहिजे, आणि आठ-दहा वर्षांची पोरं तशीच राहतात. त्यानंच बाईंचा पत्ता दिला. जून २०२३ मध्ये आम्ही दोघं जिना चढलो.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी पाहिजे?" मी म्हणलं, घर रिकामं रिकामं वाटतंय.

"ओ झेरॉक्सवाले, आवाज पाहिजे असेल तर टीव्ही लावा की."

बायको हसली, मी नाही हसलो. खरं सांगतो, तिथंच उठून जावंसं वाटलं होतं. पण दाराला कडी होती आणि ती काढायला सगळ्यांच्या मधून जायला लागत होतं, म्हणून बसलो. नशीब.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय. सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढल्या होत्या. बाई म्हणल्या, उठा, आता प्रत्येकानं दुसऱ्याची चप्पल घालायची, जी बसत नाही ती, आणि खाली टपरीपर्यंत जाऊन यायचं. माझी पॅरागॉन एका बँकेतल्या साहेबांनी घातली, त्यांची टाच अर्धी बाहेर, मला एका मावशींची लेडीज सँडल आली तिचा पट्टा अंगठ्यावरच अडकत होता. रविवारी सकाळी भर रस्त्यावर आम्ही तेरा माणसं बदकासारखी चालतोय, टपरीवाला बघतोय, एक मावशी हसून हसून कठड्याला टेकली. वर आल्यावर बाईंनी विचारलं, चालताना तुम्ही काय करत होता? साहेब म्हणाले, दुसऱ्याची चप्पल तुटू नये म्हणून जपून पाय टाकत होतो. बाई म्हणल्या, "बस्. पहिले सहा महिने पोरगं तुमच्या घरात असंच चालणार. तुम्ही म्हणणार किती गुणाचं लेकरू आहे. गुणाचं नाही ते, त्याला चप्पल बसलेली नाही."

आता ह्या बाई कोण. तुकड्या तुकड्यात कळलं ते सांगतो, सलग त्या कधीच सांगत नाहीत. १९८४ ला परिविक्षा अधिकारी, म्हणजे पोराच्या घरची चौकशी करून रिपोर्ट देणारा सरकारी माणूस, म्हणून नोकरीला लागल्या, तेव्हा अशा पोरांना ठेवायच्या सरकारी घराला रिमांड होम म्हणायचे, आजही जुने लोक तेच म्हणतात. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता, १९८६ ला देशभराचा एक बाल न्याय कायदा आला, मग २००० चा, मग आत्ताचा २०१५ चा. "तीन कायदे बदलले, तिन्ही वेळा फॉर्म बदलले, पोरं तीच" असं त्या म्हणतात. २०१५ लाच रिटायर झाल्या, नंतर लांबच्या एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीवर एक टर्म केली. ही समिती म्हणजे साधीसुधी कमिटी नाही हे मलाही तिथंच कळलं, एक अध्यक्ष चार सदस्य, आणि पाचांच्या बेंचला मॅजिस्ट्रेटचे अधिकार. सापडलेलं कुठलंही पोरगं चोवीस तासांत त्यांच्यापुढं न्यायचं.

एका रविवारी पंखा बंद पडला होता आणि एक चाळिशीचा माणूस कलिंगडं घेऊन आला, ट्रक चालवतो म्हणाला, त्यानं कलिंगडं ठेवली, खुर्चीवर चढला आणि न विचारता पंखा उघडून बसला. बाई त्याच्याकडं न बघताच बोलत होत्या. पंखा फिरल्यावर तो आमच्यात बसला आणि त्यानं जे सांगितलं ते असं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. हा सास्तूरकडचा, वय आठ, घरचं कुणी राहिलं नाही. कॅम्पात लांबून गाड्या यायच्या, लोक कपडे वाटायचे, बिस्किटं वाटायचे, आणि काही जण पोरं मागायचे, तोंडानं मागायचे, हे द्या आम्हाला, आम्ही शिकवतो म्हणून. ह्याला न्यायला एक चांगलं घरंदाज कुटुंब तयार होतं. बाईंची तिथं मदतीला ड्युटी लागली होती, त्या सही करेनात. म्हणल्या, आधी नातेवाईक शोधू. त्याला फक्त एवढंच आठवत होतं की मामा सोलापूरला गिरणीत आहे आणि मामाच्या हाताला सहा बोटं आहेत. बाई सुट्ट्या टाकून शिफ्ट सुटायच्या वेळेला गिरण्यांच्या गेटवर उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, सहा बोटांचा कोण आहे का. तेराव्या दिवशी मामा सापडला. एका खोलीत सात माणसं राहायची, हे आठवं. "गाडीवाल्यांकडं गेलो असतो तर आज गाडीत बसलो असतो" असं तो स्वतःच म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, "पण मामीनं मला आईच्या गोष्टी सांगितल्या. आई लहानपणी कशी होती ते. ते कुणी सांगितलं असतं?"

बाईंनी विषय बदलला. पण त्यांचं म्हणणं एकतर्फी नाही हे पण सांगायला पाहिजे, त्याच भूकंपातली बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याला वाघोलीला नेऊन शिकवली त्याबद्दल त्या चांगलंच बोलतात, लातूरला एसओएस म्हणून संस्था आहे तिचं बालग्राम आहे त्याबद्दलही. संस्था नकोच असं त्या म्हणत नाहीत. संस्था शेवटी, एवढंच. आधी स्वतःचं घर, मग नात्यातलं, मग तुमच्यासारखं परकं, मग संस्था. आणि गरिबी हे पोरगं उचलून न्यायचं कारण होऊच शकत नाही, ह्यावर त्या टेबल बडवतात. आईला महिन्याला चार पैसे दिले तर पोरगं घरीच राहतं की, हे त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहेच, एक पालक गेलेल्या, आजारी आईबाप असलेल्या मुलांसाठी. त्यात बाईंच्या काळात महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. "४२५ रुपयांत मी किती घरं शिवली माहितंय का" असं त्या म्हणतात, शिवली हा शब्द त्यांचा.

एक गोष्ट त्या दरवेळी सांगतात आणि नवीन माणसं दरवेळी गार होतात. रुमानियात १९८९ ला तिथला हुकूमशहा गेल्यावर कळलं की हजारो लेकरं सरकारी अनाथाश्रमांत पाळण्यातच वाढतायत, कुणी उचलून घेत नाही. मग २००० च्या सुमारास अमेरिकेतले शास्त्रज्ञ गेले, १३६ मुलं घेतली, चिठ्ठी टाकल्यासारखी अर्धी वाटून दिली, अर्धी फॉस्टर घरात, अर्धी होती तशी संस्थेत, आणि वर्षानुवर्षं मोजत राहिले, बुद्धी, बोलणं, डोक्यातल्या लहरी सगळं. घरात गेलेली पुढं गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त पुढं. मी हात वर केला, म्हणलं, बाई, आमच्या वाट्याला नऊ-दहा वर्षांचं येणार, मग त्याचं काय, गाडी सुटली का? तर म्हणल्या, "नऊ वर्षांचं पोरगं परत दोन वर्षांचं होत नाही. पण दहा वर्षांचं होतं की."

हे असं चालतं. पीपीटी नाही, सर्टिफिकेट नाही. मध्येच महात्मा फुल्यांचा विषय काढतात, १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथंच जन्मलेला यशवंत पुढं दत्तक घेतला, मध्येच आपल्याच जिल्ह्यातलं पंढरपूर काढतात, प्रार्थना समाजानं तिथं १८७५ ला अनाथ बालकाश्रम सुरू केला, दीडशे वर्षं झाली. एकदा कुणीतरी सिंधुताई सपकाळांचं नाव घेतलं की आमच्याकडनं तेवढं कुठं व्हायचं, तर म्हणल्या, माईंनी हजारावर सांभाळली, तुम्हाला एकच सांभाळायचंय, लगेच पद्मश्री घ्यायला जाऊ नका.

आता कागदपत्रांचं. ह्यात मी एक्स्पर्ट आहे त्यामुळं दोन शब्द जास्त. आधार, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोघांचं मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन, शेजारच्यांची ओळखपत्रं, मग गृहभेट, त्यात ते स्वयंपाकघर बघतात, झोपायची जागा बघतात, आमच्या पोरीला व्हिडिओ कॉलवर वेगळं विचारलं की तुला चालेल का. ते मला आवडलं. झेरॉक्स माझी मीच काढली त्यामुळं खर्च शून्य, पण गिऱ्हाईक म्हणून दुसऱ्याकडं गेलो असतो तर चार सेट म्हणजे दीडशे-दोनशे रुपये झालेच असते. आठ महिने लागले. त्यातले दीड महिना एका टेबलावर आमची फाईल दुसऱ्याच कुणाच्या फाईलीत टाचणी लागून बसली होती, तिथले साहेब मलाच म्हणले तुम्ही दिलीच नाही. मी दुकानदार माणूस, पोच घेतल्याशिवाय कागद सोडत नाही, पोच दाखवली. तेव्हा सगळ्यांना सांगणं आहे, पोच घ्या, शिक्का मारून घ्या, तारीख बघून घ्या. बाई पण पहिल्या दिवशी हेच सांगतात, फक्त त्या ओरडून सांगतात.

आणि हो, २०२४ मध्ये नियम बदललेत. आधी फक्त नवरा-बायकोला मिळायचं, आता ३५ ते ६० वयाची एकटी बाई किंवा एकटा पुरुष पण फॉस्टर घेऊ शकतो, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली पाहिजेत. आणि ज्या मुलाचा कायद्यानं दत्तकासाठी मार्ग मोकळा आहे त्याला फॉस्टर पालक आता दोन वर्षांनी दत्तक मागू शकतात, आधी पाच वर्षं थांबायला लागायचं. मिशन वात्सल्य ह्या सरकारी योजनेतनं मुलासाठी महिन्याला ४००० मिळतात. आमचे पहिले काही महिन्यांचे एकदमच आले, तोवर खिशातनं. पैशासाठी कुणी करत असेल तर करू नका, दूध, ट्यूशन आणि बूट एवढ्यातच संपतात.

पोरगं फेब्रुवारी २०२४ ला आलं. नाव, गाव, फोटो काही टाकणार नाही, कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, दोन्ही पण होऊ शकतं, आणि हे लोकांना माहितीच नसतं, वाढदिवसाला आश्रमात जाऊन केक कापतात आणि पोरांचे चेहरे स्टेटसला टाकतात. नऊ वर्षांचा, सीमेकडचा, घरी कानडी मिसळून बोलणारा, आईला अव्वा म्हणणारा, एवढंच पुरे.

पहिल्या दिवशी पायात दोन नंबर मोठी निळी स्लीपर, तिच्या टाचेवर मार्करनं २७ लिहिलेलं. बायकोनं त्याच संध्याकाळी नवीपेठेतनं नवी आणली. रात्री बघतो तर हा माझ्या दुकानाच्या पिशवीतला मार्कर घेऊन नव्या चपलेवर २७ काढत बसलाय, जीभ बाहेर काढून, एकदम मन लावून. बायको काही बोलायला गेली, मी तिला खुणेनं गप्प केलं. मला तो रविवार आठवला.

सकाळी साडेपाचला उठून बसायचा. सोलापुरी चादर, ती केवढी जड असते, तिची घडी अशी करायचा की कडेला कड मिलिमीटरनं जुळायची, आणि मग भिंतीला टेकून आम्ही उठायची वाट बघत बसायचा. पाणी पिऊ का, संडासला जाऊ का, पंखा लावू का. ताट घेऊन किचनच्या दारात उभा राहायचा, रांगेत उभा राहतात तसा, एकटाच. आणि हाक मारली की "हजर!" बायकोनं भाजी निवडता निवडता हाक मारली तरी तिकडनं ताठ आवाजात "हजर!" पहिल्यांदा आम्हाला हसू आलं. चौथ्या दिवशी बायको बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

बाईंना सांगितलं. बाई म्हणल्या, सुधारू नका. हजर म्हणू नकोस असं सांगितलं तर ती अजून एक ऑर्डरच झाली. चालू द्या.

ह्या सल्ल्यासाठी दोन स्टार एकट्याला.

जे वाईट झालं ते पण सांगतो. एका शाळेत ॲडमिशनला गेलो तर बाप म्हणून तुमचंच नाव लावा नाहीतर सिस्टीम घेत नाही म्हणले, समितीची ऑर्डर दाखवली तर दोन दिवस ती मोठ्या साहेबांकडं फिरत होती. नातेवाईकांचा तर वेगळाच त्रास. माझा चुलता घरी येऊन, पोरगं समोर असताना, "रक्त कसलं आहे काय माहिती" असं बोलून गेला. त्या रात्री पोरानं विचारलं, काका, माझं रक्त तपासलंय की, रिपोर्ट नॉर्मल होता. मेडिकलच्या वेळेला तपासलं होतं ते त्याच्या लक्षात होतं. काय सांगणार? म्हणलं, होय, नॉर्मलच आहे, माझ्या चुलत्याचं चेक करायला पाहिजे.

पाच-सहा महिन्यांनी चप्पल बसायला लागली म्हणजे काय ते कळलं. पैसे उचलले माझ्या गल्ल्यातनं, वीस रुपये. खोटं बोलला. बायकोला म्हणला, तू माझी आई नाहीस. ताट ढकललं, शेंगाचटणी सगळी फरशीवर. मी हादरून बाईंकडं गेलो, पहिला रविवार नव्हता तरी गेलो, तर त्यांनी दार उघडलं आणि सगळं ऐकून म्हणल्या, "अभिनंदन." मला राग आला होता, खरंच. मग म्हणल्या, आता त्याला वाटतंय की ही माणसं वीस रुपयांसाठी मला परत पाठवणार नाहीत, ते बघतोय तो, बघू द्या त्याला.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेलं. नंदीध्वज बघितले, तीन वेळा पाळण्यात बसला, चौथ्यांदा मी नको म्हणलं तर रस्त्यावर बसून रडला, फतकल मारून, चारचौघांत. बायको माझ्याकडं बघून हसत होती आणि मी पण. लोकांना वाटलं असेल काय येडे आईबाप आहेत.

दरम्यान त्याच्या आईचं. नवरा गेल्यावर तिचं डोकं फिरलं असं गावात म्हणायचे, म्हणजे आजार होता, औषधं नव्हती. ती सुरू झाली. तिचा भाऊ पुढं आला. समितीनं आधी भेटी सुरू केल्या, महिन्यातनं एकदा, मग दोनदा, ती यायची, कोपऱ्यात बसायची, त्याच्यासाठी कागदात बांधून कडक भाकरी आणायची. आमच्या घरात खंडीभर भाकरी असताना तो तीच खायचा. मी एकदा बायकोला म्हणलं, आपण चांगलं शिकवतोय, तिच्याकडं काय आहे? एक खोली, दोन शेळ्या. बायको म्हणली, हे बाईंसमोर बोलून दाखवा. नाही बोललो.

जून २०२५ ला ऑर्डर झाली. त्याला बालसंगोपनचे २२५० सुरू करायचा अर्ज मीच भरून दिला, माझ्याच दुकानात, आणि सहीच्या जागी आईचा अंगठा घेताना स्टॅम्पपॅड वाळलेलं निघालं, माझ्या दुकानात, जिथं रोज पन्नास अंगठे होतात. थुंकी लावून घेतला. सोळा महिने होता आमच्याकडं.

आता अर्धा स्टार. बाई रागीट आहेत हे कारण नाही, ते चालतं. पार्किंग नाही, जिना अंधारा आहे, वॉट्सॲप वापरत नाहीत, हे पण सोडा. कारण असं की आमच्याच बॅचला एक जोडपं होतं, त्यांचा स्वतःचा मुलगा ॲक्सिडेंटमध्ये गेलेला, आठ महिने झाले होते, आणि बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं की तुम्ही दोन वर्षांनी या, दुसऱ्याचं पोर म्हणजे तुमच्या पोराची जागा भरायचा दगड नाही. म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण ती बाई खुर्चीत आक्रसून बसली होती ते मी बघितलंय, आणि हे आतल्या खोलीत नेऊन सांगता आलं असतं, तेवढीच तर खोली आहे आत. मी नंतर बाईंना तसं म्हणलो. त्या म्हणल्या, "हो, चुकलं माझं," आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या. ते जोडपं परत आलं नाही. अर्धा स्टार त्यांचा.

आणि एक काळजी, ह्याचे स्टार कापत नाही पण लिहून ठेवतो. बाई सत्तरीच्या जवळ आल्यात. त्यांच्या कपाटात एकतीस सरकारी डायऱ्या आहेत, दर वर्षाची एक, त्यात कुठलं पोर कुणाकडं गेलं आणि पुढं काय झालं ते बारीक अक्षरात, आणि दुसरं कुणी तिथं बसून हे काम शिकतंय असं मला तरी दिसलं नाही. ट्रकवाला पंखा दुरुस्त करतो, बस्. १०९८ चा फोन नंबर आहे, तो १९९६ ला मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमधनं जेरू बिलिमोरियांनी सुरू केला, आता सरकार चालवतं, कुठलंही पोर अडचणीत दिसलं तर तो चोवीस तास लागतो, दहा-नऊ-आठ असा लक्षात ठेवायचा. पण तो नंबर पोराला सोडवतो. सोडवलेलं पोर घरात कसं ठेवायचं ते सांगणारी ही एक खोली आहे, आणि तिला बोर्ड पण नाही.

कुणी जावं? ज्यांना खरंच पोर सांभाळायचंय त्यांनी. दत्तकाची रांग चुकवायची म्हणून जाणार असाल तर बाई पाच मिनिटांत ओळखतात आणि चहा पण मिळत नाही. मोजे नसतील तर चपला घालूनच बसता येईल का असं विचारू नका, तुमचीच चप्पल तुम्हाला परत मिळेल ह्याची गॅरंटी नाही तिथं.

आम्ही परत नाव दिलंय. बायको आधी नको म्हणत होती, ऑगस्टपर्यंत नकोच म्हणत होती. मग एका रविवारी त्या पोराच्या मामाच्या मोबाईलवर फोन लावला, आईनं उचलला, हालहवाल झाली, कानडी-मराठी मिसळून, शेळीला दोन पिल्लं झाली म्हणाली. मग तिनं त्याला हाक मारली, लांब कुठंतरी खेळत असणार. आम्ही दोघं फोन स्पीकरवर टाकून कान देऊन बसलो. तिकडनं ओरडला, "थांब की गं अव्वा, आलो!" आणि तीन मिनिटं झाली तरी आलाच नाही.